टोकियो ते युई: हिरोशिगेच्या वाटेवर

होकुसाई-हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकारांचे लाकडी ठशांनी काढलेले अस्सल छाप टोकियोत बारा महिने भिंतीवर असतील, असं समजून तिकिटं काढू नका. जुने वनस्पतिजन्य रंग उजेडानं विटतात. म्हणून हाराजुकूच्या ओता संग्रहालयात मांडणी साधारण दर महिन्याला बदलते आणि मधले काही दिवस ते बंद राहतं. महिनाअखेर आणि सोमवार टाळा. र्‍योगोकूच्या सुमिदा होकुसाई संग्रहालयात कायम दालनात बहुतेक प्रतिकृतीच आहेत. अस्सल बघायचे तर विशेष प्रदर्शनाचं तिकीट घ्या.

त्याआधी आसाकुसात पर्यटकांसाठी असलेल्या एखाद्या छपाईवर्गात हात काळे करून घ्या, म्हणजे छापात काय बघायचं ते कळतं. चित्राचा पातळ कागद जंगली चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून आधी रेषांचा ठसा कोरतात, मग रंगांचे वेगळे. प्रत्येक ठशावर ‘केंतो’च्या, म्हणजे कागद जुळवायच्या, दोन खाचा असतात, एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी कडेला सरळ. कागद त्यांना टेकवूनच खाली सोडायचा. एवढं करूनही रंग रेषेबाहेर गेला, तर आधी कागदाचा ओलावा तपासा. कोझो या झाडाच्या सालीचा कागद ओलसर ठेवूनच छापतात. मध्येच वाळला की आकसतो आणि मग खाचा नेमक्या असून उपयोग नाही. कागदाला सरस-तुरटीचा हात नीट बसला नसेल तर रंग फुटतो. रंगात तांदळाची खळ कमी पडली तर तिळासारखे ठिपके उठतात.

आकाशाची उतरती निळाई मात्र कोरलेली नसते. ओलवलेल्या फळीवर ब्रशच्या एकाच टोकाला रंग घेऊन ती दर प्रतीला नव्यानं ओढावी लागते. एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी दिसल्या तर आधी आकाश बघा.

युई हे जुन्या तोकाइदो रस्त्यावरचं, हिरोशिगेनं चितारलेलं गाव. त्यासाठी शिंकान्सेन या वेगवान रेल्वेनं शिझुओका गाठा (तिची नोझोमी गाडी तिथे थांबत नाही), पुढे लोकल. तोकाइदो हिरोशिगे संग्रहालय स्टेशनपासून पूर्वेला पायी पंचवीसेक मिनिटं, सात्ता घाट नेमका उलट दिशेला. संग्रहालय आधी उरका. हिरोशिगेच्या सुमारे १८३३-३४च्या ‘युई’ चित्रात या घाटाच्या कड्यावरून डोकावणारे वाटसरू आणि खाली शिडाची जहाजं आहेत. आज त्याच कड्याखाली महामार्ग आणि रेल्वे. फुजी बघायचा तर हिवाळ्यातली सकाळ धरा, उन्हाळ्यात तो बहुधा ढगात असतो. घाट उतरून ओकित्सू स्टेशन गाठता येतं, युईला परतायची गरज नाही.