लेझरने प्रोटॉन पळवायचे तर आधी प्रीपल्स आवरा: माझा अनुभव

लेझर आयन अ‍ॅक्सलरेशनमध्ये (म्हणजे लेझर पातळ धातूच्या फॉईलवर मारून तिच्यातून वेगवान आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बाहेर काढण्यात) जेवढी पॉवर जास्त तेवढे आयन जोरात असं बहुतेकांना वाटतं, पण सेटअपवर काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की खरी लढाई कॉन्ट्रास्टची आहे, म्हणजे मेन पल्स तिच्या आधीच्या उजेडापेक्षा किती पट जोरदार आहे याची.

आमची पल्स, म्हणजे लेझरचा एक झटका, साधारण ३० फेम्टोसेकंदांची (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). पॅराबोलिक आरशाने ती काही मायक्रॉनच्या ठिपक्यात आणली की इंटेन्सिटी चौरस सेंटीमीटरला १० चा १९ वा घात वॅट एवढी होते. पण मेन पल्सच्या आधी जो मंद उजेड (प्रीपल्स) येतो ना, तो कोटीपट कमी असला तरी १० चा १२ वा घात उरतोच, आणि तेवढ्यात पातळ फॉईलचं काम तमाम होतं, मागची बाजू आधीच हलते आणि मेन पल्स पोचते तेव्हा नीट टार्गेटच राहिलेलं नसतं.

म्हणून प्लाझ्मा मिरर लावला. कोटिंगवाली काच असते, मंद उजेड आरपार जाऊ देते, मेन पल्स चढायला लागली की पृष्ठभागाचा प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू) होतो आणि तोच आरसा बनतो! थोडी एनर्जी जाते, दर शॉटला काच सरकवून नवी जागा द्यावी लागते, अलाइनमेंट परत तपासायची, कंटाळवाणं आहे खरं पण दुसरा चांगला उपाय मला तरी दिसला नाही.

मग व्हॅक्यूम, शॉट, आणि सगळ्यांच्या नजरा थॉमसन पॅराबोलाच्या (विद्युत आणि चुंबकीय फील्डने आयन वळवून वेगवेगळे दाखवणाऱ्या उपकरणाच्या) स्क्रीनवर. आधी नुसता मधला ठिपका दिसायचा, म्हणजे एक्सरे आणि न्यूट्रल, म्हणजे विद्युतभार नसलेले, कण. यावेळी त्या ठिपक्यापासून बाजूला वळत गेलेली बारीक रेघ आली, प्रोटॉनची!! मी तर ओरडलोच.

गंमत बघा, फॉईल अ‍ॅल्युमिनियमची पण निघाले प्रोटॉन, कारण मागच्या बाजूला पाण्याचा आणि तेलाचा अगदी पातळ थर बसलेला असतोच. लेझरने तापलेले इलेक्ट्रॉन मागून बाहेर पडले की तिथे मीटरला १० चा १२ वा घात व्होल्ट एवढं फील्ड तयार होतं आणि सगळ्यात हलका म्हणून प्रोटॉन आधी सुटतो, जड आयनांच्या वाट्याला उरलंसुरलं फील्ड. २००० साली अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या पेटावॅट लेझरवर ५८ एमईव्हीपर्यंतचे (मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉन मिळाले ते असेच.

आता आम्हाला जड आयन हवेत, त्यासाठी शॉटच्या आधी फॉईल तापवून तो थर उडवायचा आहे, हीटर बसवायचं काम चालू आहे.