आजीची साक्ष

"सर, साक्षीला मोठंच नाव लागतं का? माझी आजी चालेल?"

नववीच्या तासाला एका मुलीचा हा प्रश्न आला आणि मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो.

फळ्यावर प्राचीन ग्रीसमधला वक्ता आणि शिक्षक इसोक्रेटिस याच्या नावावरचं वाक्य होतं: विद्येचं मूळ कडू, फळं गोड. अशा एका सुवचनावर निबंध कसा रचायचा, त्याच्या ८ पायऱ्या इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या अफ्थोनिअस या ग्रीक शिक्षकाने घालून दिल्या. सांगणाऱ्याची स्तुती, आपल्या शब्दांत अर्थ, कारण, उलट बाजू, उपमा, उदाहरण, थोरांची साक्ष आणि समारोप. आपल्याकडे कल्पनाविस्तारात मुलं अर्थ सांगून थांबतात, म्हणून हे करून पाहत होतो.

तिची वही घेतली. साक्षीच्या जागी खोडून खोडून कागद विरला होता. खाली लिहिलं होतं, "आजी पाडव्याला कडुलिंबात गूळ घालते. म्हणते, नुसतं कडू पोरं थुंकून टाकतात."

मी तिला साक्ष विचारली होती. तिने इसोक्रेटिसला उत्तर दिलं होतं.

घरी येताना वर्षभरातले माझे तास आठवत राहिलो. त्यांत गूळ किती होता?