शर्ट काढा म्हटलं की बाप लाजतो

मी नवजात बाळांच्या आयसीयूत, म्हणजे एसएनसीयूत सिस्टर आहे. आमच्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की पत्र्याच्या घरातली बाळं तापाने फणफणून येतात, दूध कमी पडलेलं असतं, वजन उतरलेलं असतं. आणि त्याच वॉर्डात कमी दिवसांची बाळं थंडी वाजून गार पडतात. बाहेर एवढं ऊन आणि सिस्टर म्हणते बाळाला छातीशी बांधा, नातेवाईकांना वाटतं हिचं डोकं फिरलंय!

त्या दिवशी माझी दुपारी दोनची ड्युटी. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक पावरा आदिवासी बाई, बाळ 1450 ग्रॅम, श्वास चांगला, नळीने दूध चालू. कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून अंगाची ऊब देणं, सुरू करायची होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नाही, दूध काढायला बसवलं तर जेमतेम थेंबथेंब. मग कळलं तिची दोन वर्षांची पोरगी बाहेर लिंबाखाली बापाजवळ रडून रडून आडवी झाली होती, आत मोठ्या पोरांना सोडत नाहीत ना. बाई म्हणे मला घरी जायचं, बाळ घेऊन जाते, सही करते. एवढ्या बाळाला असं नेऊ देणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई. "पोरनं आंग तपी ऱ्हायनं, पन तू चिंता नको करू, मी शे ना." चिंता नको करू म्हटलं की आणखीच होते. नवरा रेल्वेत, तोही ड्युटीवर. मी म्हटलं पोरगी 14 किलोची आहे, पॅरासिटामॉलचं 250 वालं सिरप चार एमएल द्या, कपडे कमी करा, पाणी पाजत रहा, सुस्त वाटली तर लगेच फोन करा. दुसऱ्याच्या पोरांना डोस सांगताना आवाज असा हलत नाही हो. बालसंगोपन रजा 180 दिवसांची आहे कागदावर, पूर्ण नोकरीत मिळून, पण पोराला ताप आला म्हणून ती दुपारी तीनला कोण मंजूर करणार!

असो. मी बाईला म्हटलं तू बाहेर जाऊन ये पोरीजवळ, निवांत बस, बाळ बाप सांभाळेल. बाप दारात उभा, त्याला हात धुवायला लावले, म्हटलं शर्ट काढा. तो जो लाजला! बाकीच्या आया पदरात हसायला लागल्या, एक आजी म्हणाली हे बायांचं काम. मी म्हटलं आजी, कातडीची ऊब कोणाचीही चालते, बाप, आजी, मावशी, कोणीही. बाळाला डायपर-टोपी घालून त्याच्या छातीवर उभं ठेवलं, मान एका बाजूला, वरून फडक्याने बांधलं. सुरुवातीला तो श्वाससुद्धा घेत नव्हता, बाळ पडेल म्हणून. तासाभराने काखेतलं टेम्परेचर घेतलं तर 36.8, आधी 36.2 होतं. डॉक्टर राऊंडला आले, बघून काहीच बोलले नाहीत, फक्त चार्टवर कांगारूची वेळ लिहायला सांगितली.

बाई परत आली तेव्हा तोंड धुतलेलं, पोरगी बाहेर तिच्या सासूजवळ झोपली होती. दूध काढायला बसली तर यावेळी वाटीत खरंच आलं, नळीने लगेच बाळाला दिलं. सहीचा विषय परत निघाला नाही.

रात्री रिलीव्हर सिस्टर उशिरा आली, हँडओव्हर देऊन घरी पोचेपर्यंत पोरीचा ताप उतरला होता आणि ती सासूबाईंसोबत टीव्ही बघत खिचडी खात होती, मला बघून उठली पण नाही. नवऱ्याला बापाची गोष्ट सांगितली तर म्हणतो, आपली तर पाच मिनिटं छातीवर टिकत नाही. मी म्हटलं तुम्ही मोबाईल ठेवून बघा.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले तर मावशी तक्रारच करायला लागल्या, अहो सिस्टर, तो बाप सकाळपासून शर्ट काढूनच बसलाय, बायको म्हणते माझा नंबर कधी?