आमची वाटचाल : आधी टाकी ओळखायची, मग अस्तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप सुरू झालं ते प्लेटिंगवाल्यांच्या आम्लाच्या टाक्यांना आतून रबर लावण्यावर. पुढं हॉटेलांचं, फरसाणवाल्यांचं जळकं तेल गोळा करून बायोडिझेल बनवणारी मंडळी यायला लागली. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं खाद्यतेल बायोडिझेलकडं वळवायची 'रुको' मोहीम काढली, तशी चौकशी वाढली.

पहिला प्रश्न ठरलेला : "दादा, आतून कुठलं लायनिंग मारायचं?" आम्ही उलट विचारतो : टाकी कशाची? तेल शिजवून बायोडिझेल करायची, ते पाण्यानं धुवायची, की साठवायची?

शिजवायच्या टाकीत तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा साठ अंशांच्या आसपास तापतं. आमचं हातखंडा रबर त्यात फुगतं. साध्या पॉलिस्टरच्या फायबरला कॉस्टिक खातं. बाजारातलं साधं इपॉक्सी मिथेनॉलनं मऊ पडतं आणि पापुद्रे थेट पंपात जातात. म्हणून या टाकीला अस्तर लावूच नका, जमलं तर ३०४ स्टेनलेस घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. बजेट नसेल तर कोरा लोखंडी पत्राही चालतो. कच्च्या अस्तरापेक्षा तो बरा. काम हातचं जातं, पण माणूस पुन्हा येतो.

धुण्याच्या टाकीत मात्र पाणी आलं, म्हणजे गंज आला. तिथं अस्तर हवंच. नोव्होलॅक इपॉक्सी किंवा व्हिनिल एस्टर, म्हणजे रसायनांना जास्त टिकणारी कोटिंगं, आम्ही सुचवतो, तेही नमुना तपासून. पत्र्याच्या पट्ट्यांना कोटिंग करून पूर्ण सुकवायचं आणि ग्राहकाच्याच धुवायच्या मालात घट्ट झाकणाच्या बरणीत बुडवून ठेवायचं, वेल्डिंगपासून लांब, कारण त्या मालात पेट घेणारं मिथेनॉल उरलेलं असतं. पट्टी काढल्यावर अंगठ्याचं नख दाबायचं. वळ उठला, फोड दिसला किंवा कड सुटली, की तो माल बाद. माहितीपत्रक काहीही म्हणो.

व्हॉल्व पितळी नको, पाइप गॅल्वनाइजचा नको. तांबं आणि जस्त दोन्ही बायोडिझेल बिघडवतात. ॲल्युमिनियम तर कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो.

बाकी सगळं ब्लास्टिंगवर, म्हणजे कणांचा जोरात मारा करून पत्र्याचा गंज काढण्यावर. पांढराशुभ्र केलेला पत्रा आपल्या पावसाळ्यात बघता बघता तांबूस होतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लागलाच पाहिजे. हवेत दमटपणा जास्त असेल तर आम्ही काम पुढं ढकलतो, आणि हे ॲडव्हान्स घेतानाच सांगून ठेवतो.