न विचारता आलेला ग्लास

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस दुपारपासून लागून राहिलाय. झोप येत नाहीये म्हणून वही घेतली. कारण सांगायला गेलं तर एवढंसं आहे, कुणाला सांगितलं तर म्हणेल एवढ्यासाठी जागतोयस होय.

सकाळी अकराच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या गाड्यावर गेलो, छत्री मिटवायला खाली वाकलो आणि मान वर करतोय तोवर समोर फळीवर ग्लास, शेजारी कागदावर दोन खारी. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी चहाला गेलोच नव्हतो, सर एकदम मोठी आली म्हणून गाड्याच्या पत्र्याखाली पाच मिनिटं थांबायला गेलो होतो. पोरग्याला म्हटलं, मी कुठं मागितला अजून? ते हसलं. म्हणालं, "तुमचं काय विचारायचं काका, ठरलेलंच असतंय की." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलं.

मी प्यायलो. खारी पण खाल्ल्या, दोन्ही.

पोरग्याचं काहीच चुकलेलं नाही, उलट एवढी माणसं येतात-जातात त्यात कोण साखर कमी, कोण कडक, कोण दोन खारीवाला हे सगळं डोक्यात ठेवतंय बिचारं. मला लागलं ते वेगळंच. मला नको असलेला चहा मी प्यायलो आणि ग्लास रिकामा करून खाली ठेवेपर्यंत मला तो नको होता हे माझ्या लक्षातही नव्हतं. म्हणजे हात गेला, ग्लास उचलला, प्यायला, मोबाईल काढून दहा आणि वीस असे पैसे मारले, त्या डब्यातनं बाई बोलली, तीस रुपये जमा, आणि मी परत रस्त्यावर. यात मी कुठं होतो?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्टेटमेंट उघडून बसलो. फक्त जूनचं. दिवसाला चार चहा, दोन खारी, साठ रुपये. सव्वीस दिवसांचे पंधराशे साठ. हा हिशेब मला कधी सुचला नाही याचं जास्त वाईट वाटलं, कारण दिवसभर मी दुसरं काय करतो? एका कास्टिंगला मशीनिंगचा खर्च किती, टूल किती घासलं, बोरिंग, म्हणजे लोखंडाचा कीस, किती निघालं आणि ते किलोला काय भावानं गेलं, हेच करतो. उद्यमनगरात आमच्या कारखान्यात एका नगाला पन्नास पैशाचा फरक पडला तरी मला वर उत्तर द्यावं लागतं. आणि स्वतःचे साठ रुपये रोज जातात ते कुठल्या कॉलमला पडतात हे बघितलं नाही कधी.

पूर्वी गाड्यावर वही असायची. महिनाभर लिहून ठेवायचे आणि पगार झाला की एकदम द्यायचे. एक तारखेला तो आकडा समोर यायचा तेव्हा पोटात कसंतरी व्हायचं, मग चार-आठ दिवस आपोआप हात आखडायचा. आता दहा-दहानं जातात, दहाचं कुणाला काय वाटतंय. ती वही बंद झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, उधारी नको डोक्याला म्हणून.

आणि पंधराशे हा आकडा बघून मला एकदम हिची आठवण झाली. ही पोस्टात पंधराशेचीच आरडी भरते. दर महिन्याला एजंट बाई दारात येतात, ही कपाटातल्या डब्यातनं काढून देते, बहुतेक सगळ्या शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा. पाच वर्षांची आहे, ६.७ टक्क्यानं, व्याज तिमाहीला धरतात, म्हणजे नव्वद हजार भरून शेवटी एक लाख सात हजार हातात येतात. ते पैसे कशाला आहेत ते तिनं आणि मी ठरवलंय, इथं लिहीत नाही. पण ते पंधराशे ती कुठनं काढते हे मला माहीत आहे. महाद्वारला जायचं तर रिक्षा करत नाही, भर पावसात केएमटीच्या बसची वाट बघत उभी राहते. मागच्या सोमवारी पदर भिजवून आली होती आणि मी सोफ्यावर मोबाईल बघत होतो, म्हटलं रिक्षा करायची की गं. ती काही बोलली नाही.

हे तिला सांगायचं धाडस आज झालं नाही.

थोडा वेळ मग मला माझीच दया आली, तेही लिहितो, नाहीतर खोटं होईल. वाटलं, एवढं पण नको का मला? सकाळी नवाला घर सोडायचं, सातला यायचं, तंबाखू नाही, दारू नाही, हॉटेलात जाऊन वर्ष झालं असेल, हंगामात शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघायला जायचो तेही सुटलं, आता रात्री आडवं पडून मोबाईलवर त्याच मॅचचे तुकडे बघायचे आणि एक वाजता डोळे चोळत झोपायचं. दिवसात स्वतःची म्हणून एक गोष्ट, चार घोट चहा. त्यावर पण आता हिशेब लावायचा? बराच वेळ असंच घोळत राहिलं. ताटातली भाकरी तशीच होती.

आणि त्याच दयेत मला तो प्रश्न पडला, जो आता झोपू देत नाहीये. ही माझी एवढी एकच मजा असेल तर मला त्यातला एक तरी चहा आठवायला पाहिजे ना?

वर्षाला साडेबाराशेच्या आसपास होतात. अकरा वर्षं धरली तरी तेरा हजारांच्या वर ग्लास झाले. मी खरंच डोळे मिटून आठवायला बसलो. गाड्यावरचा एक पण आठवेना. कालचाही नाही.

एकच चहा आठवला आणि तो गाड्यावरचा नव्हता. २०१९ च्या महापुरात हायवे बंद होता, गावात दूध येईना, तेव्हा चौथ्या का पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दुधाच्या पावडरीचा चहा करून खाली पाठवला होता. स्टीलच्या फुलपात्रात. तळाला पावडरीच्या गुठळ्या होत्या, त्या मी बोटानं काढून खाल्ल्या. सात वर्षांचा असल्यासारखा. तो चहा मला अजून जिभेवर आठवतो.

आणि मग गंगावेस आठवली. आण्णांचा पगार झाला की महिन्यातनं एकदा संध्याकाळी ते मला सायकलच्या दांड्यावर बसवून दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हशी ओळीनं उभ्या असायच्या, आपल्यासमोर धार काढायची आणि तसाच ग्लास हातात द्यायचा. ग्लास हाताला कोमट लागायचा. चुलीवर न ठेवता दूध गरम कसं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. वरचा फेस आधी ओठांनी ओढून घ्यायचा, मग खाली दूध. एकदा म्हशीनं शेपटी मारली ती सरळ माझ्या पांढऱ्या शर्टावर, आई ओरडेल म्हणून आण्णांनी पंचगंगेवर नेऊन तो भाग धुतला. एकदा तालमीतल्या कुणाबरोबर खासबागेतल्या कुठल्या तरी कुस्तीवरनं त्यांचा वाद लागला, हात पसरून डाव दाखवायला लागले, तेवढ्यात माझा ग्लास संपवून मी त्यांच्यातला अर्धा प्यायलो. असे सगळे मिळून पन्नास ग्लास झाले असतील फार तर. त्यातले पाच-सहा मला वेगवेगळे सांगता येतात.

आण्णांचं पुढं काय झालं, पायाचं वगैरे, ते आज नको.

पण रिपोर्टचं लिहायलाच पाहिजे कारण तो गेल्या शनिवारी आलाय आणि मी फ्रीजवर पाकिटात ठेवून दिलाय. तीन महिन्यांची शुगर, ती एचबीए१सी का काय म्हणतात ती, ६.१. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ ला गेली की डायबेटीस, मधलं सगळं काठावरचं. हिनं ऐकलं आणि पटकन म्हणाली, "म्हंजे इशारा पातळी ओलांडली म्हणायची की हो." तिथं कोण हसलं नाही. कोल्हापुरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटाला आली की इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात सगळं गाव तासातासाला तेवढंच बघत असतंय, मी पण आज ऑफिसात चार वेळा बघितलं, किती फूट झालं, किती इंच वाढलं, राधानगरीचे दरवाजे उघडले का. नदी मला रोज इंचात माहीत असते.

ही टेस्ट एका दिवसाच्या उपासानं फसत नाही असं डॉक्टर म्हणाले. रक्तातल्या तांबड्या पेशी एकशे वीस दिवसांच्या आसपास जगतात, तेवढ्या काळात साखर त्यांना चिकटत राहते, आणि मोजतात ती ही चिकटलेली. हे तेव्हा मी नुसतं मान हलवून ऐकलं. आज रात्री त्याचा अर्थ लागतोय. मला ते चहा आठवत नाहीत, पण रक्तात ते बसलेत. गाड्यावरच्या चहात दोन चमचे साखर सहज असते, म्हणजे आठ-दहा ग्रॅम, बाहेरचे चार आणि घरचा एक धरला तर चाळीस-पन्नास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरनं घातलेली साखर दिवसाला पन्नासच्या आत ठेवा म्हणते आणि पंचवीसच्या आत असेल तर जास्त चांगलं. खारी यात धरलेलीच नाही मी.

चालायला सांगितलंय, आठवड्याला दीडशे मिनिटं. रंकाळ्याची एक पुरी फेरी मला पन्नासेक मिनिटांची पडते, म्हणजे तीन फेऱ्या. हे काय अवघड नाही. पाऊस उघडला की.

साडेबारा झाले. ही मघाशी एकदा उठून बघून गेली, काही बोलली नाही.


गुरुवार, संध्याकाळ

काल गाड्यावर गेलोच नाही, पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून गेलो. आणि दिवसभर डोकं धरलं होतं. अकराला, मग साडेबाराला, मग चारला, बरोबर त्याच वेळेला हात खिशाकडं जायचा. वाटलं आपण पळून चाललोय एका चहाच्या ग्लासापासून, पन्नाशीला आलेला माणूस. हे काही रोज जमणारं नाही हे कालच कळलं, आणि गाड्यावरची ती चार माणसं, तो पाऊस बघत उभं राहणं, ते पण मला पाहिजे आहे.

रात्री हिला सगळं सांगितलं. पंधराशे साठचं पण. मला वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, "मला काय माहीत न्हाई होय? शर्टाच्या खिशात खारीचा चुरा असतोय रोज, धुताना मीच झटकतो की." आणि मग जरा थांबून, "दोन करा. एक घरात, एक तिकडं." बस, एवढंच. मी तोंडात आलेलं पुढचं बोललोच नाही.

आज गेलो. पोरग्यानं लांबनंच बघून ग्लास घेतला हातात. मी आत गेलो आणि म्हटलं, थांब. उद्यापासनं मला विचारत जा. ते बघतच राहिलं, "काय विचारू?" म्हटलं, चहा पाहिजे का, एवढंच. त्याला वाटलं मी रागावलोय, काल आलो नव्हतो म्हणून अजून जास्त. मी म्हटलं, नाही रे बाबा, राग नाही, डॉक्टरनं सांगितलंय. मग त्याला पटलं. म्हणालं, माझ्या आज्ज्याला पण हाय शुगर. आणि एकदम गंभीर होऊन ग्लास परत खाली ठेवला आणि विचारलं, "मग, चहा पायजे काय काका?"

एवढा साधा प्रश्न, पण मला उत्तर देता येईना. खरंच पाहिजे का हे बघायला मला वेळ लागला, मागं दोन माणसं उभी होती, किटली उकळत होती, पोरगं हातात गाळणी धरून वाट बघत होतं. घसा कोरडा होता. पायात गारठा भरला होता. पाहिजे होता.

म्हटलं, दे. अर्धा. खारी नको.

बिनसाखरेचा वेगळा करता येईल का विचारलं तर म्हणालं, एकट्यासाठी जमणार न्हाई, पण अजून दोघं-तिघं मागतात, सोमवारपासनं बारकं भांडं वेगळं लावतो. बघू.

मोबाईल खिशातच ठेवला आणि पत्र्याच्या कडेला उभा राहून प्यायलो. पागोळ्यांच्या पलीकडं एक ट्रॉली उसाची कांडी घेऊन चालली होती, ताडपत्री निम्मी उडालेली. पैसे मारले, डबा बोलला, पाच रुपये जमा.

बंधाऱ्याचं पाणी सकाळपासनं आठ इंचानं उतरलंय.

आजचे दोन. सकाळचा घरी, हिनं केला, गवती चहा घालून. दुसरा गाड्यावर, अर्धा, सव्वाअकराला. आलं जरा जास्त झालं होतं आणि ग्लासाच्या काठाला टवका उडालेला होता, उजव्या बाजूला.