आयला बेटावर व्हिस्की बघायला जाताय? मग किल्होमनला जा

स्कॉटलंडच्या आयला बेटावर जायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी लाफ्रोएग, लागाव्हुलिन, आर्डबेग या डिस्टिलऱ्यांचीच नावं असतात. तिन्ही पोर्ट एलन गावाच्या पुढे एका रांगेत आहेत, चालतसुद्धा जाता येतं, त्यामुळे बरेच जण एका दिवसात तिन्ही उरकून टाकतात. जरूर बघा. पण बेटावर एकच डिस्टिलरी नीट बघायला वेळ असेल तर माझं मत किल्होमनला, आणि तिथेही नुसतं टेस्टिंग घेऊन निघू नका, टूर घ्या, कारण तिथली खरी मजा ग्लास हातात यायच्या आधीच सुरू होते.

किल्होमन बेटाच्या पार पश्चिमेला आहे, रॉकसाइड नावाच्या शेतात. अँथनी विल्स आणि त्यांच्या घरच्यांनी २००५ मध्ये सुरू केली, आणि त्याआधी १२४ वर्षं आयलावर नवीन डिस्टिलरी निघालीच नव्हती, आधीच्या ब्रुकलाडी आणि बुनाहावन या दोघी १८८१ च्या. आता यात हिंमत किती लागते बघा. स्कॉच म्हणायचं तर कायद्याने ती स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरली पाहिजे. म्हणजे जव घ्या, मजुरी द्या, पिंपं विकत घ्या, भरून ठेवा आणि वाट बघा. पहिली व्हिस्की २००९ मध्ये बाजारात आली. पुढे २०१५ मध्ये शेतसुद्धा त्यांनीच विकत घेतलं.

माझ्याबरोबर मामा होते. मामांची अख्खी नोकरी सांगलीकडच्या साखर कारखान्यात गेली, तीही डिस्टिलरी विभागात. मळी, वॉश (आंबवलेलं पाणी), कॉलम (डिस्टिल करायचा उंच मनोरा), रेक्टिफाइड स्पिरिट (जवळजवळ शुद्ध अल्कोहोल) हे शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलेत. उन्हाळ्यात ते आमच्याकडे ग्लासगोला आले तेव्हा म्हणाले, मला किल्ले वगैरे नंतर दाखव गं, आधी एक पॉट स्टिल, म्हणजे एकेक घाणा डिस्टिल करायचं तांब्याचं भांडं, चालू असलेलं दाखव, आयुष्यभर कॉलमच बघितले. ते स्वतः क्वचितच घेतात, पण तयार कशी होते यावर तासभर बोलू शकतात. असा माणूस बरोबर असला की टूरला रंगत येते, आणि गाइड मुलगीसुद्धा खुश, कारण नेहमीच्या प्रश्नांच्या बाहेरचं कोणीतरी विचारत होतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही माल्टिंग फ्लोअरवर घालवला. मटकी भिजवून फडक्यात बांधली की मोड येतात, तेच काम इथे टनांनी चालतं, जव भिजवायचे आणि मग लांबलचक फरशीवर पसरून ठेवायचे. दाण्याला वाटतं आता उगवायचंय, म्हणून तो आतल्या स्टार्चचं कुलूप उघडायला लागतो, एन्झाइम तयार होतात, आणि नेमकं त्याच वेळी त्याला थांबवायचं. तोपर्यंत दिवसरात्र दर काही तासांनी माणसांनी तो थर उलथायचा, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून त्याची सतरंजी होते आणि आतून तापतो. आम्ही होतो तेव्हा एक जण लाकडी फावड्याने तेच करत होता, एक लय होती त्याच्या हाताला, दाणे हवेत पसरून खाली पडायचे. गाइडने मामांना एक दाणा दिला आणि अंगठ्याने चोळायला सांगितलं. मामांनी नखाने फोडला, बोटावर घासला, खडूसारखी पांढरी रेघ उठली. ती अशी सरळ, सलग उठली की माल्ट, म्हणजे मोड आणलेले जव, तयार, गुठळी लागली तर अजून थांबायचं. मामा ते बोट बराच वेळ निरखत होते. म्हणाले, अगं आमच्याकडे मळी टँकरने यायची, तिच्यात साखर आधीच असते, हे लोक तर साखर दाण्यातनं काढतायत.

हे काम हल्ली स्कॉटलंडमध्ये फार थोडे लोक स्वतः करतात. बहुतेक सगळे मोठ्या माल्टिंग कंपन्यांकडून तयार माल्ट घेतात. किल्होमनही सगळंच घरी करत नाही, बराचसा माल्ट बाहेरच्या कारखान्यातून येतो आणि तो जास्त धुरकट असतो, फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारे घटक, ५० पीपीएमच्या (दहा लाखात ५० भाग) आसपास. स्वतःच्या फरशीवरचा २० च्या आसपास. धूर येतो पीटचा, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून साठलेल्या शेवाळाच्या आणि झाडोऱ्याच्या मातीचा, तो ओल्या माल्टखाली भट्टीत जाळतात. इथे मामांनी विचारलं, हा ५० आकडा माल्टचा की बाटलीतल्या मालाचा? माल्टचा. पुढे दळताना, गाळताना, डिस्टिल करताना त्यातलं बरंच गळून जातं. दुकानात लोक ५० पीपीएम म्हणून डोळे मोठे करतात त्यांनी हे लक्षात ठेवलं तर बरं.

मॅश टन म्हणजे माल्ट भिजवायच्या मोठ्या टाकीबद्दल फार लिहीत नाही, गरम पाणी आणि दळलेला माल्ट, गोड पाणी खाली, चोथा वर, चोथा गुरांना. फर्मेंटेशन, म्हणजे यीस्ट घालून आंबवणं, मात्र सांगायला हवं, कारण इथे मामा अडूनच बसले. मळीचा वॉश त्यांच्याकडे दीड दिवसाच्या आत उरकायचा, इथे तीन-साडेतीन दिवस ठेवतात. अल्कोहोल तर लवकरच तयार झालेलं असतं मग उरलेला वेळ कशाला? तर स्वादाला. यीस्टचं काम संपल्यावर लॅक्टिक बॅक्टेरिया कामाला लागतात आणि फळांचे वास त्यातून तयार होतात. कारखान्यात याच बॅक्टेरियाला मामा संसर्ग म्हणायचे आणि टाकी धुवायला लावायचे. कारण त्यांना हवं होतं ते स्वाद नसलेलं, शुद्ध स्पिरिट. आपल्याकडे स्वस्त व्हिस्की म्हणून जी विकली जाते तिच्यात बहुतेक हेच मळीचं स्पिरिट असतं, आणि युरोपात ती व्हिस्की या नावाने विकताच येत नाही, तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. मामांना हे माहीत होतं, पण डोळ्यांसमोर दोन्ही पद्धतींमधला फरक बघून ते गप्प झाले, आणि मग गाइडला म्हणाले की आमच्याकडेही आता चांगल्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या माल्टच्या व्हिस्की, होतात, बंगळुरूची अमृत तर २००४ मध्ये पहिल्यांदा ग्लासगोतच आणली होती. गाइडला माहीत होतं. मला फार बरं वाटलं.

स्टिल्स छोट्या आहेत, तांब्याच्या, समोर उभं राहिलं की गरम झळ अंगावर येते. दुसऱ्यांदा डिस्टिल करताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढायचा आणि मधलं काळीज तेवढं पिंपात. कुठे तोडायचं हे त्या डिस्टिलरीच्या चवीचं मोठं गुपित. पिंपं बरीचशी अमेरिकेतून, आधी बर्बन (तिकडची मक्याची व्हिस्की) भरलेली. तिकडे बर्बनला कायद्याने दर वेळी नवीन जाळलेलं पिंप लागतं, म्हणून वापरलेली इकडे येतात. बाकी स्पेनची, ओलोरोसो शेरी या वाइनची. गोदामात दरवर्षी पिंपातलं साधारण २ टक्के उडून जातं. गोव्याच्या पॉल जॉन डिस्टिलरीकडे हेच ८ टक्क्यांच्या घरात, बंगळुरूत १० च्याही पुढे. त्यामुळे आपल्याकडची माल्ट वर्षांत कमी दिसली तरी कोवळी समजू नका, उष्णतेने लाकूड फार जोरात काम करतं.

टेस्टिंगला आमच्यासमोर किल्होमनच्याच माखिर बे, सानिग आणि शंभर टक्के आयला या व्हिस्कींचे ग्लास होते. शंभर टक्के आयला म्हणजे जव याच शेतातले, माल्ट याच फरशीवरचा, इथेच गाळलेली, इथेच मुरलेली, इथेच बाटलीत भरलेली. ५० टक्के स्ट्राँग असूनही धूर हलका, आधी लिंबाची साल आणि भाजलेल्या धान्याचा वास. माखिर बे ४६ टक्के, धूर पुढे, मागे व्हॅनिला आणि थोडं मीठ. सानिगमध्ये शेरी जास्त, मनुका आणि डार्क चॉकलेट. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, आणि पाण्याचे दोन-तीन थेंब घालून परत घ्या, बदलतो. यात रंग मिसळत नाहीत आणि थंड करून गाळतही नाहीत, म्हणून पाणी घातल्यावर जरा गढूळ दिसली तर घाबरू नका, ते तेलकट घटक आहेत आणि चव त्यांच्यातच आहे. मला शंभर टक्के आयलाच आवडली, पण फरशी बघून आले नसते तर तिच्यातला धान्याचा वास मला ओळखू आला असता का, मला नाही वाटत.

नंतर त्याच नावाच्या माखिर बेच्या किनाऱ्यावर जा, जवळच आहे. पोहू नका, प्रवाह वाईट आहेत. तिथे वर एक लष्करी दफनभूमी आहे, १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये सैनिकांनी भरलेली ओट्रँटो बोट दुसऱ्या बोटीला धडकून या किनाऱ्यावर फुटली, साडेचारशेहून जास्त माणसं गेली. त्या दुसऱ्या बोटीचं नाव काश्मीर होतं. मामा तिथे टोपी काढून उभे राहिले.

जायचं असेल तर मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगवरून फेरी, आयलावर उतरायचं पोर्ट एलन किंवा पोर्ट अस्केगला. उन्हाळ्यात गाडी न्यायची तर जागा खूप आधी बुक करा, टूरपण. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, एक पेगही महागात पडू शकतो, तेव्हा चालवणाऱ्याने तिथे काहीच घेऊ नये, त्याचा वाटा छोट्या बाटलीत मागून घ्या, आनंदाने देतात. जेवणाला त्यांच्याच कॅफेत धुरावलेल्या माशाचं कलन स्किंक सूप मिळतं, ते चुकवू नका. आणि फरशीवर कोणी काम करत असेल तर घाई करू नका, उभं राहून बघा, प्रश्न विचारा, ते लोक मनापासून सांगतात.