चार रविवार, बारा महिने

आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारी चर्चमधली उपासना सुटली की महिला मंडळाची बैठक चर्चमागच्या खोलीत भरायची. सतरंज्या, मधे चौरंग, चौरंगावर चार मेणबत्त्यांचं रीथ, म्हणजे हिरव्या फांद्यांचं गोल कडं, आणि भिंतीला सुतळीवर टाचलेले बारा कागद, जानेवारी ते डिसेंबर. बैठकीचं नाव साधंच, उपकारस्तुती.

बारा कागद उगीच नव्हते. ‘वर्षभराचे उपकार आठवा’ म्हटलं की जिला तिला दिवाळीनंतरचंच आठवतं, जानेवारी-फेब्रुवारी कुणाच्या खिजगणतीत नसतात. म्हणून पहिल्या रविवारी फक्त जानेवारी ते मार्च, दुसऱ्याला एप्रिल ते जून, तिसऱ्याला जुलै ते सप्टेंबर आणि चौथ्याला उरलेलं. सुरुवातीला एखादी खूण सांगायची : दहावीची परीक्षा, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, उन्हाळ्यातले टँकर, पहिला पाऊस. खूण मिळाली की पेन्सिली चालू लागत.

चिठ्ठी म्हणजे फुलस्केपचा आठवा भाग. त्याहून मोठा कागद दिला की बायका प्रार्थना लिहायला घेतात. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही डोळ्यांसमोर उभी राहील अशी. ‘देवाने सांभाळलं’ हे खरं असलं तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘मे महिन्यात बोअर आटली तेव्हा शेजारच्यांनी रोज चार हंडे भरू दिले’ हे ऐकलं की खोलीतल्या दहा जणींना आपापले हंडे आठवत. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायच्या आणि शब्बाथ शाळेतली, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतली मोठी मुलं त्या वाचायची, नाव न घेता. जोडाक्षरं गिचमिड लिहिली की मुलं अडखळतात, म्हणून अक्षर सुटं काढायचं. दुसऱ्याच्या घरची बातमी लिहायची नाही, हा नियम मात्र मागाहून आला. ठरलेलं पण अजून जाहीर न झालेलं एक लग्न डब्यातून बाहेर पडलं, तेव्हापासून.

त्या वर्षी प्रभूत निजलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची नावं त्या त्या महिन्याच्या कागदावर आधीच लिहिलेली असत. तिथे वाचणारं पोर थांबायचं. त्या घरच्या बाईने कोरी चिठ्ठी टाकली तरी चालायचं; कोरी चिठ्ठीही कागदाला टाचली जायची.

रीथचं मूळ जर्मनीतलं. हॅम्बुर्गला योहान विखर्न यांनी १८३९ साली आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दूर आहे ते कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या : रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल. आपल्याकडे चाकाच्या जागी सायकलची जुनी रिम फार सोयीची. तिच्यावर सुरूच्या फांद्या सुतळीने बांधायच्या. सुरू दिसतो छान, पण दहा दिवसांत वाळतो आणि वाळला की ठिणगीलाही पेटतो. तेव्हा तिसऱ्या रविवारी पाला बदलायचाच. मेणबत्ती रिमवर नुसत्या वितळलेल्या मेणाने चिकटवली की कलते. डब्याच्या झाकणात ओली वाळू भरून त्यात रोवली तर सरळ राहते.

तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती दुकानात क्वचित मिळे. मग पांढरीलाच रिबन गुंडाळायची, तीही फक्त खालच्या दोन बोटांवर, नाहीतर ज्योत खाली येते तशी रिबन धरते. हिशेब जाडीचा. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची. पहिली मेणबत्ती चार वेळा जळते, दुसरी तीनदा, तिसरी दोनदा, चौथी एकदाच. बैठक दीड तासाची, म्हणजे पहिलीला सहा तास तग धरायला हवा. बारीक मेणबत्ती दुसऱ्याच रविवारी संपते. पंखा बंद ठेवायचा. वाऱ्याने मेण एकाच बाजूला ओघळतं. चौथ्या रविवारी चारही पेटल्या की चौरंगावर चार पायऱ्या दिसायच्या, बोटभर उरलेल्या पहिलीपासून नव्या कोऱ्या चौथीपर्यंत.

शेवटी भजन आणि चहा. चाळीस जणींना अर्धा अर्धा कप म्हणजे चार लिटर : अडीच लिटर दूध, बाकी पाणी, दीडशे ग्रॅम पावडर, चारशे ग्रॅम साखर. आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं. दुधात कच्चं पडलं की दूध फाटतं, आणि रविवारी दुपारी तेवढं दूध परत आणायचं कुठून?

चौथा रविवार कधी कधी २४ डिसेंबरलाच येतो, जसा २०१७ आणि २०२३ साली आला. सकाळी चौथी मेणबत्ती, संध्याकाळी नाताळची उपासना, घरी करंज्या तळायच्या राहिलेल्या. बैठकीला कोण येणार? अशा वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरचे कागद तिसऱ्या रविवारीच उरकायचे. बैठक तासभर लांबते, चहा दोनदा होतो, आणि दूध पाच लिटर सांगून ठेवावं लागतं. आता अशी गाठ २०२८ साली आहे.